खिडकी नंबर तीन

२०२५ च्या १९ ऑगस्टला केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. त्या वेळी मी धुळ्याला, आमच्या कॉलेजच्या खिडकी नंबर तीनसमोर रांगेत होते. आप्पांचा फोन आला, "बातमी पाहिली का? आता आपल्या मालाचं काय?" मी म्हटलं, "आप्पा, थांबा, माझा नंबर येतोय." नंबर आला. आतून उत्तर मिळालं, "आंतरराष्ट्रीय संबंध? पोर्टलवर दिसत नाही ना? मग नाही तो विषय."

कॉलेजचं नाव लिहीत नाही, पुढची दोन वर्षं तिथेच काढायची आहेत.

माझं मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सोबत एक मायनर, म्हणजे जोडविषय, घ्यावा लागतो. फी, हमीपत्र, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) हे सगळं एका दुपारी उरकलं. (आधारवर आणि बारावीच्या मार्कशीटवर नाव सारखं आहे ना, एवढं आधी बघून ठेवा. माझ्या मैत्रिणीचे तेवढ्यापायी आठ दिवस गेले.) नोटीस बोर्डवरच्या मायनरच्या यादीत आंतरराष्ट्रीय संबंध स्पष्ट छापलेलं होतं. पोर्टलवर मात्र भूगोल, इतिहास, समाजशास्त्र, बस. मी बोर्डवरच्या यादीचा फोटो दाखवला. खिडकीतले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "बोर्डवर काहीही लागतं."

पारोळ्याहून धुळं तासाभराचं. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, म्हणून परवडलं. नाहीतर सहा फेऱ्या घरी सांगताही आल्या नसत्या. पहिल्या फेरीला "सोमवारी या." सोमवारी गेले तर भाऊसाहेब दुसऱ्या ड्युटीवर. तिसऱ्यांदा नवीनच निघालं: "बॅच व्हायला पंधरा पोरं तरी लागतात. तुझ्याशिवाय मागितलाय कोणी?" आता जो विषय पोर्टलवर दिसतच नाही, तो कोण कसा मागणार? पण खिडकीशी वाद घालून उपयोग नसतो, मागची रांग आपल्यावरच ओरडते.

मग पोरं शोधली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्यांची टेबलं असतात, तिथे गेले. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध आहेतच, मग दोन्हींचा अभ्यास एकदाच होईल, एवढंच सांगितलं. दोन दिवसांत सतरा सह्या. मला उगाच वाटलं की मी निवडणूकच जिंकले.

चौथ्या फेरीला तो सह्यांचा अर्ज दिला. पाचव्यांदा विचारायला गेले तर म्हणे, "असा अर्ज आलाच नाही."

त्या दिवशी स्टँडवर बसून रडले, खोटं कशाला बोलू. सतरा जणांच्या सह्या, आणि माझ्याकडे त्याची साधी झेरॉक्स नाही. घरी आजीने विचारलं, "हाई शिकीसन काय भेटी तुले?" तिला काय सांगणार, अजून शिकायलाच मिळत नव्हतं.

मार्ग दाखवला तो शिपाईकाकांनी. म्हणाले, "बेटा, खिडकीत कागद देऊ नको. आवक-जावकला दे, पोच घे." आवक-जावक म्हणजे प्राचार्यांच्या केबिनच्या पलीकडचं एक टेबल, ज्यावर पाटीसुद्धा नाही. मी पुन्हा सतरा सह्या जमवल्या (दोघं फुटले, दोन नवे मिळाले), प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, बोर्डवरची यादी जोडली आणि दोन प्रती नेल्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तिसऱ्या दिवशी पोर्टलवर विषय आला. नंतर कळलं, आत कुणाकडून तरी एका चौकटीवर टिक करायची राहिली होती. एवढंच.

विषय निवडून झाला की त्या पानाची प्रिंट काढा आणि वर दिसणारा कोडसुद्धा लिहून ठेवा, हे आत्ता आठवलं. आमच्यातल्या एकाच्या पावतीवर भूगोलच छापून आला.

वर्ग सुरू झाले तेव्हा आमचे तीन आठवडे बुडालेले होते. संयुक्त राष्ट्रं, त्यांचे १९३ सदस्य, सुरक्षा परिषदेतले नकाराधिकारवाले पाच, हे सगळं सरांनी पळवलं. पण जागतिक व्यापार संघटनेचा तास मी विसरणार नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये तिथे तक्रार मांडली होती, की अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते आणि त्याने आमचा भाव पडतो. त्यांना 'कॉटन फोर' म्हणतात. याच विषयात मागचा धागाही सापडला: १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि खानदेशातल्या कापसाला एकाएकी गिऱ्हाईक आलं. युद्ध संपलं, भाव पडला.

घरी हे सांगितलं त्या आठवड्यात व्यापारी आमच्या कापसाला हमीभावाखाली मागत होता. मध्यम धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला ७,७१० रुपये क्विंटल होता. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या चार देशांचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, प्रकल्पाला हाच विषय घे. घेतलाय. प्रकल्पाचा अर्ज खिडकी नंबर तीनवरच द्यायचा आहे; दोन प्रती करून ठेवल्या आहेत.