शिफारसपत्र

मंगळवार, रात्री साडेदहा

दुपारभर पुराभिलेखागारात एकाच कागदापाशी अडकून पडले. इंग्रजी अमलातलं, मुंबई इलाख्यातल्या एका सिव्हिल सर्जनने, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य सरकारी डॉक्टरने, वैद्यकीय खात्याच्या प्रमुखाला, सर्जन-जनरलला, लिहिलेलं पत्र. हाताखालच्या हॉस्पिटल असिस्टंटचा, म्हणजे खालच्या दर्जाच्या देशी डॉक्टरचा, पगार वाढवावा, एवढीच विनंती.

साहेबाने मनापासून लिहिलंय. पटकीच्या साथीत हा माणूस एक दिवसही रजेवर गेला नाही, रात्री-अपरात्री वॉर्ड त्यानेच सांभाळला. हे वाचून बरं वाटलं. पण पुढचे शब्द आले: शांत, आज्ञाधारक, कधी तक्रार नाही. तिथे मी थांबले. रोगी वाचवले म्हणून पगार वाढायला हवा, की तक्रार केली नाही म्हणून?

खरं तर कामाने पगार वाढायची सोयच नव्हती. हॉस्पिटल असिस्टंटांचे वर्ग ठरलेले, बढती नोकरीची वर्षं आणि खात्याची परीक्षा यांवर. वरची जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या वरिष्ठ सरकारी डॉक्टरांच्या सेवेतल्यांची, लष्करी हुद्द्यासकट. तिची परीक्षा १८५५ पासून सर्वांना खुली झाली, त्याच वर्षी बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती उत्तीर्णही झाले. पण परीक्षा लंडनला! पुण्याच्या मेडिकल स्कूलमधून, म्हणजे १८७८ साली निघालेल्या बी. जे. स्कूलमधून, शिकून जिल्ह्याच्या दवाखान्यात लागलेल्या मुलाने आगबोटीचं भाडं कुठून आणायचं?

डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. ते १८५१ साली बाहेर पडले, मुंबईत स्वतःचा व्यवसाय केला, गरिबांना फुकट औषध दिलं. त्यांच्यामागे मुंबई शहर होतं. तालुक्याच्या गावी असा आधार कुणाचा? तिथे सरकारी पगार हाच संसार, आणि तो वाढायचा तर साहेबाची मर्जी.

मला राहून राहून हेच खुपतंय की अख्ख्या पत्रात तो हाताखालचा डॉक्टर स्वतः कुठेच बोलत नाही. घरी किती माणसं, किती कर्ज, काही नाही. त्याच्याबद्दल दुसराच बोलतोय, आणि तोही त्याच्या भल्यासाठी.

पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. तिथे शाईचं पेन चालत नाही. शेवटची ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ ही ओळसुद्धा. ती साहेबाचीच, त्याच्या वरच्या साहेबाला.

उद्या पुढचा गठ्ठा मागवलाय. त्यात त्या डॉक्टरच्या हातचा एखादा अर्ज निघावा, निदान सही तरी.