शपथविधीच्या आधी सातबारा बघा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोकणातल्या मंडळींची तिथल्या नागरिकत्वाची मुलाखत पार पडली की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं. खरी कागदपत्रांची गंमत मात्र त्यानंतरच असते.

नागरिकत्वाच्या शपथविधीची सूचना एन-४४५ या फॉर्मवर येते. त्यावर एक प्रश्नावली असते: मुलाखतीनंतर लग्न किंवा घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेलात का, अटक किंवा दंड झाला का. ती शपथेच्या दिवशीच भरायची. मधल्या काळात शिमग्याला गावी जाऊन आला असाल तर बिनधास्त ‘हो’ लिहा. प्रवास हा गुन्हा नाही, लपवणं मात्र अंगाशी येतं. जीन्स, शॉर्ट्स आणि चपला नकोत. ग्रीन कार्ड तिथेच जमा होतं.

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं की फोटोच्या रांगेत धावू नका. नाव, जन्मतारीख आणि पूर्वीचं नागरिकत्व तिथेच अक्षर न् अक्षर तपासा. चूक घरी गेल्यावर सापडली तर प्रमाणपत्र बदलून मागण्याचा एन-५६५ फॉर्म भरून थांबणं आलं. सही छापलेल्या नावाप्रमाणे करा आणि कागद लॅमिनेट करू नका.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो गणपतीच्या तिकिटांना. शपथ घेतली की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार आपलं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. खिशातल्या भारतीय पासपोर्टची मुदत चार वर्षं उरली असली तरी तो वापरायचा नाही. ग्रीन कार्डही गेलेलं. म्हणजे आधी डीएस-११ भरून अमेरिकी पासपोर्ट (त्यासाठी मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, ते नंतर परत येतं), मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. ही साखळी श्रावणात सुरू करून चतुर्थीला मोदक खायला पोचू, हा हिशोब चुकतो. तारीख अडचणीची असेल तर कारण लिहून एन-४४५ परत पाठवा आणि पुढची तारीख मागा. न कळवता गैरहजर राहू नका. एकाहून जास्त वेळा असं झालं तर अर्जच नाकारला जाऊ शकतो.

आता जमीन. नागरिकत्व गेलं की वडिलोपार्जित आंब्याची कलमं सरकारजमा होतात, ही वाडीतली अफवा आहे. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ओसीआयधारक ठेवू शकतो. भारतात राहत असताना घेतलेलीही राहते. नवीन शेतजमीन, बाग किंवा फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही, आणि वडिलांनी हौसेने केलेलं बक्षीसपत्रसुद्धा शेतजमिनीला चालत नाही. हा नियम शपथेमुळे लागत नाही, अनिवासी भारतीय असतानाही तोच असतो. म्हणून बाग मुलाला द्यायची असेल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावं. विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही असावा लागतो.

सातबारा शपथेच्या आधी बघायचा तो नावासाठी. आपल्याकडे एकाच घराण्यात कुणी गावावरून आडनाव लावतो, कुणी जुनं. सातबाऱ्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. प्रमाणपत्रावरचं नाव पुढे पासपोर्ट आणि ओसीआयवर उतरतं, आणि वारसनोंदीच्या वेळी तलाठी ‘हा तोच कशावरून?’ असं विचारतो. नाव बदलायचं असेल तर नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातच मागायचं. तो बदल फक्त न्यायालयात होणाऱ्या शपथविधीत होतो. तसं जमलं नाही तर दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. मतदार यादीतलं नावही काढायला लागतं, त्यासाठी नमुना ७ आहे.

गावच्या कामांसाठी भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ते अमेरिकेतच नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) करून घ्या. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. भाऊ तो कपाटात ठेवून देतो आणि मुदत निघून जाते, म्हणून कुरियर केल्याच्या दिवशीच फोन करून त्याला तारीख लिहून घ्यायला सांगा.