तुम्ही बसा ना

क्लारा बार्टन म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करणारी, पुढे अमेरिकन रेड क्रॉस काढणारी बाई. तिच्या १८६४ च्या, म्हणजे त्या युद्धातल्याच, रोजनिशीत एप्रिलमधलं एक पान आहे. दिवसभर उदास आहे, मन काही केल्या वर येत नाही, माणसांत राहणं म्हणजेच झुंज झाली आहे, सगळं सोडून जावं ही जुनी ओढ परत आली आहे, असं तिने त्यात लिहून ठेवलंय. हे पान मी मागेही वाचलं होतं आणि उलटून पुढे गेले होते. काल रात्री मात्र त्याच पानावर अडकले.

काल तसं काहीच झालं नाही. पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती म्हणून माझ्या जुन्या इस्पितळात गेले आणि येताना वॉर्डात डोकावले. दाराजवळच्या कॉटवरच्या आजींचा हात सुजला होता. सलाईन शिरेबाहेर चाललं होतं, लांबूनच दिसत होतं. बंद करायला माझा हात आपोआप पुढे गेला. तेवढ्यात नवी सिस्टर धावत आली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा ना, आम्ही बघतो.” तिने खुर्ची दिली, मावशींना चहा आणायला पाठवलं. सुई काढली, दुसऱ्या हाताला लावली, आणि छान लावली. मुलगी गुणी आहे, तिच्या बोलण्यात कुठे उणं नव्हतं. मी इन्चार्ज असताना बाहेरच्या कुणाला सलाईनला हात लावू दिला नसता, आणि आता मी बाहेरचीच आहे.

हे सगळं कळतं. तरी त्या खुर्चीवर बसून चहा प्यायले तेव्हा घशात काहीतरी अडकलं, ते अजून तिथेच आहे. घरी कुणाला सांगितलं नाही. हे असते तर यांना सांगितलं असतं. जाऊ दे.

धाकटीने मला क्लाराचं वेड लावलं. धाकटीच्या अमेरिकेतल्या, मेरीलँडमधल्या घरापासून ग्लेन एको हे गाव जवळ आहे. तिथे क्लाराचं लाकडी घर आहे, जुन्या बोटीवरच्या केबिनसारख्या खोल्यांचं. आधी ते रेड क्रॉसचं गोदाम होतं, मग ती तिथेच राहायला आली. घर बघून आल्यावर धाकटीने मला वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाची साइट उघडून दिली. क्लाराचे सुमारे ६२,००० कागद तिथे जपलेत. रोजनिश्या, पत्रं, हिशेब, भाषणांचे खर्डे. ग्रंथालयाने २०१८ साली सामान्य लोकांना हस्ताक्षर उतरवून द्यायला बोलावलं, त्यात सुरुवातीच्या संचांत तिच्या रोजनिश्या होत्या. जगभरातल्या माणसांनी बसून तिचा शब्द न् शब्द टाइप केला. त्यामुळे मला वाचता येतं. ते तिरकं अक्षर माझ्या डोळ्यांना झेपलं नसतं.

तर तो एप्रिल. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. म्हणजे थकली होती म्हणावं असं वय नाही. आजारीही नव्हती. आदल्या वर्षी ती दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, मॉरिस बेटावर होती. फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यातल्या जखमींना तिने तिथे बघितलं, वाळू आणि उन्हात. मग लष्कराच्या रीतसर परिचारिका आल्या, व्यवस्था बसली, आणि तिला हळूहळू कळवलं गेलं की आता तुमची तशी गरज नाही. ती कुणाच्या आस्थापनेवर नव्हतीच. डोरोथिया डिक्सच्या सरकारी परिचारिकांत तिने नाव घातलं नव्हतं, स्वतःच्या हिमतीवर गाड्या भरून न्यायची. त्यामुळे तिला काढण्याचा हुकूम कुणाला काढावाच लागला नाही. ती वॉशिंग्टनला परतली. आणि मग ते पान.

गोळीबार चालू असताना लिहिलेलं हे नाही. रिकामी बसली असताना लिहिलंय.

काल रात्रीपासून मी हेच उलटसुलट करते आहे. ज्या बाईच्या बाहीतून अँटिएटमच्या लढाईत गोळी आरपार गेली आणि ज्याला ती पाणी पाजत होती तो शिपाई तिच्या हातात मेला, ती बाई त्या दिवशी कोसळली नाही. १७ सप्टेंबर १८६२. तिथल्या सर्जनांकडे मलमपट्टीचं सामान संपलं होतं, मक्याची पानं लावायची वेळ आली होती. ही सामान घेऊन पोचली. खाणं संपलं तेव्हा पेट्या उघडल्या, तर वाइनच्या बाटल्यांभोवती भुशाऐवजी मक्याचं पीठ भरलेलं निघालं. तिने मोठ्या भांड्यांत त्याची पेज शिजवायला घेतली. अंधार पडल्यावर सर्जनच्या टेबलावर मेणबत्तीचा तुकडा उरला होता. हिने कंदील काढले. आधीच्या लढाईत उजेडावाचून माणसं गेली होती, ते लक्षात ठेवून तिने कंदील भरून आणले होते.

हे वाचताना मला नेहमी आनंद होतो. शौर्याच्या गोष्टी कुणीही सांगतं. पण मागच्या वेळी काय कमी पडलं ते ध्यानात ठेवून पुढच्या वेळी गाडीत घालणं, ही खरी नर्स. रात्री लाइट गेल्यावर लेबर रूममध्ये टॉर्च कुठे आहे हे जिला विचारावं लागत नाही ती. गालात रुतलेली गोळी एका शिपायाच्या आग्रहावरून तिने खिशातल्या चाकूने काढली, तेव्हा तिने कधी शस्त्रक्रिया केली नव्हती. हात घातला, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

दुसरं कुणी नव्हतं. काल तिथे दुसरं कुणी होतं. एवढाच फरक.

लहानपणीही तिचं तेच झालं होतं. भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठारावरून पडला तेव्हा ती अकरा वर्षांची. दोन वर्षं ती त्याच्याजवळून हलली नाही, जळवा लावण्यापर्यंत सगळं शिकली. आणि तो बरा झाला तेव्हा तिला स्वतःचं काय करावं कळेना. घरच्यांना वाटलं पोर लाजाळू आहे. मला नाही वाटत. दोन वर्षं एका खाटेभोवती जीव गुंतलेला, आणि ती खाट एक दिवस रिकामी झाली. चांगलं होऊन रिकामी झाली, तरी रिकामीच ना.

युद्धानंतर व्याख्यानं देत फिरली, दोनेक वर्षं. १८६८ मध्ये व्यासपीठावर उभं असताना आवाजच गेला. पुढे युरोपातून आल्यावरही ती काही वर्षं अंथरुणाला खिळल्यासारखी होती. लोक तिला रणांगणावरची देवदूत म्हणत. अशी मोठी नावं देणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. आम्हालाही कोविडमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या.

आज सकाळी मला स्वतःची फार कीव आली. चहा गार होईपर्यंत बसून राहिले. एवढी वर्षं नाईट केल्या, मुलांच्या परीक्षेत घरी नव्हते, सासूबाईंच्या शेवटच्या रात्री मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आईच्या उशाशी होते. आणि आता एक सुजलेला हातसुद्धा माझा नाही. सुनबाईने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, ॲसिडिटी. दादाचा फोन येऊन गेला, वहिनींच्या पायाचं विचारायला. घेतला नाही. मी आता काही ड्रेसिंगवाली बाई नाही, असं तेव्हा मनात आलं.

दुपारी परत तेच पान उघडलं, आणि या वेळी पुढची पानं धरून वाचली.

एप्रिलच्या त्या पानानंतर तीनेक आठवड्यांत, मेच्या सुरुवातीला, वाइल्डरनेसची लढाई झाली. हजारो जखमी फ्रेडरिक्सबर्गमध्ये आणले. ती तिकडे गेली तर माणसं गाड्यांतच पडलेली, चिखलात, पावसात, आणि गावातल्या घरांची दारं त्यांच्यासाठी उघडायला कुणी तयार नाही. ती तशीच वॉशिंग्टनला परतली, सिनेटर हेन्री विल्सनला गाठलं, त्याने युद्धखात्याला रातोरात हलवलं, आणि लवकरच ती घरं उघडली. जूनमध्ये तर जनरल बटलरच्या सैन्यातल्या इस्पितळाची व्यवस्था तिच्याकडे आली.

म्हणजे ती बरी झाली का? मला वाटत नाही. तिला काम मिळालं. या दोन गोष्टी एक नाहीत, हे मी इतकी वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना बघून शिकले आहे. ते दुखणं तिच्यात मुक्कामालाच होतं आणि काम आलं की मागे सरायचं. तसं असेल तर माझ्या घशात जे आहे ते त्या मुलीने दिलेलं नाही. ते आधीपासूनच असेल. ड्युटीच्या घाईत कधी बघायला वेळ झाला नाही.

असं लिहिल्यावर जरा मोकळं वाटलं. का ते माहीत नाही.

तिच्या कागदांमधली मला सगळ्यात जवळची गोष्ट वेगळीच आहे. १८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गच्या नदीपलीकडे लेसी हाउस नावाच्या बंगल्यात जखमी कोंबले होते, जमिनीवर, जिन्यावर, म्हणे कपाटाच्या फळ्यांवरसुद्धा. तिथे मेलेल्यांची नावं आणि त्यांना कुठे पुरलं ते तिने आपल्या वहीत टिपून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातूनच पुढचं मोठं काम निघालं असं मला वाटतं. १८६५ च्या मार्चमध्ये लिंकनच्या नावाने निवेदन निघालं, की हरवलेल्या युद्धकैद्यांच्या माणसांनी नाव, रेजिमेंट आणि कंपनी मिस बार्टनला कळवावी. मग पत्रं यायला लागली. एकूण ६३,१८२. ती हरवलेल्यांच्या याद्या छापून गावोगावच्या पोस्टांत लावायची, म्हणजे त्याच तुकडीतला कुणी वाचेल आणि कळवेल. २२,००० हून जास्त माणसांचं काय झालं ते तिने शोधून दिलं.

दक्षिणेच्या सैन्याच्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात डोरेन्स अ‍ॅटवॉटर नावाच्या कोवळ्या कैद्याला मृतांची यादी लिहायला बसवलं होतं, त्याने चोरून दुसरी प्रत करून ठेवली. त्या यादीवरून १८६५ च्या उन्हाळ्यात जवळजवळ १३,००० थडग्यांवर नावं लागली. साधारण ४६० तेवढी बिननावाची राहिली.

आमच्या रजिस्टरला ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ असं लिहावं लागायचं. ते लिहिताना मी नेहमी अंगावरच्या खुणा सविस्तर लिहायची. गोंदण, जुना टाका, तुटलेलं नख. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, कादंबरी लिहिताय का. एकदा एक बाई सोलापूरकडून आली आणि त्या गोंदणावरून तिने भाऊ ओळखला. तिने माझे हात धरले होते. तो भाऊ वाचला नव्हता, तरी तिने हात धरले होते.

क्लाराची ती कचेरी वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर होती. ती गेल्यावर खोल्या तशाच बंद पडल्या. १९९६ मध्ये इमारत पाडायची होती, तेव्हा तपासायला गेलेल्या एका सरकारी सुताराला माळ्यावर तिच्या नावाची पाटी सापडली, कागद सापडले, कपडे सापडले. इमारत वाचली, आता तिथे संग्रहालय आहे. तो सुतार वर चढला नसता तर? हा विचार मी करत नाही, फार खोल जातो.

आणि १९०४. ज्या अमेरिकन रेड क्रॉसची तिने १८८१ मध्ये स्थापना केली, तिथून बाहेर पडावं लागलं तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. नवी माणसं, नव्या पद्धती, हिशेबावरून वाद. त्यात नव्यांचंही काही बरोबर असणार. हिशेब ठेवायची तिची पद्धत एकटीची होती, मोठ्या संस्थेला ती पुरत नाही. ते दुःख तिला फार लागलं. पण १९०५ मध्ये तिने प्रथमोपचार शिकवणारी दुसरी संस्था काढली. तिला खुर्ची कुणी दिली असेल तर ती फार वेळ बसली नसणार. १९१२ च्या एप्रिलमध्ये ग्लेन एकोच्या घरी गेली.

तिचं ते उदास पान आपण वाचावं का, हेही मनात येतं. तिने ते कुणासाठी लिहिलं नव्हतं. पण तिने ते फाडलंही नाही. मी वाचते. मला लागतं ते.

संध्याकाळी दादाला फोन केला. वहिनींच्या पायाला जो मुलगा येतो तो सुकलेला गॉज तसाच ओढतो, आधी सलाईनने भिजवत नाही, म्हणून रोज रक्त येतं. शिवाय शुगर गेल्या आठवड्यात बघितलेलीच नाही. मी म्हटलं, उद्या दहाला येते, पाणी उकळून ठेव, आणि त्या मुलालाही थांबायला सांग, त्याला दाखवते. दादा म्हणाला, तुला त्रास नको. मी म्हटलं, रिपोर्टांची फाइल काढून ठेव, सगळी, जुनीसुद्धा.