बँकेतली आरआरएसपी ब्रोकरकडे नेताना : माझा अनुभव

कॅनडात नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक घरांत आरआरएसपीचे, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचतीचे, खाते उघडले जाते ते फेब्रुवारीच्या अखेरीस, कारण वर्ष संपल्यानंतरच्या पहिल्या साठ दिवसांत भरलेली रक्कम मागील वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येते, आणि त्या घाईत पगार जमा होणाऱ्या बँकेची शाखाच सर्वांत सोयीची वाटते. आमचेही तसेच झाले. मिसिसागातल्या शाखेत माझी एक आरआरएसपी होती, शिवाय नवऱ्याने माझ्या नावे भरलेली एक स्पाउझल आरआरएसपी होती. दोन्हींत त्याच बँकेचे म्युच्युअल फंड आणि थोडी जीआयसी, म्हणजे आपल्या भाषेत मुदत ठेव. शाखेतून मिळणारी वागणूक उत्तम होती, त्यामुळे वर्षानुवर्षे हे खाते हलवण्याचे काही कारण दिसले नाही.

कारण दिसले ते फंड फॅक्ट्स या कागदावर. प्रत्येक म्युच्युअल फंडासाठी हे छोटे पत्रक देणे कॅनडात बंधनकारक आहे आणि त्यात एमईआर, म्हणजे फंडाचा वार्षिक खर्च, टक्क्यांत दिलेला असतो. आमच्या मुख्य फंडाचा तो 2 टक्क्यांहून थोडा जास्त होता. ही रक्कम खात्यातून वेगळी कापली जात नाही, फंडाच्या दरातूनच रोज थोडी थोडी वजा होते, म्हणून ती जाणवत नाही. परंतु 80,000 डॉलरवर 2.1 टक्के म्हणजे वर्षाला 1,680 डॉलर होतात, आणि तेवढ्याच रकमेवर पाव टक्का खर्चाचा व्यापक निर्देशांकावरील ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड, घेतला तर 200. परतावा उणे असलेल्या वर्षीही हा खर्च चुकत नाही. भारतात 2013 पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला कमिशन वगळून डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. कॅनडात तशी सक्ती नाही, आणि शाखेतून विकल्या जाणाऱ्या फंडाच्या खर्चात साधारणतः विक्रेत्याचे ट्रेलिंग कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणारे कमिशन, धरलेले असते. ज्यांना घसरणीच्या काळात धीर देणारे, कर आणि निवृत्तीचे नियोजन करून देणारे माणूस हवे असते, त्यांनी त्याचे पैसे जरूर द्यावेत. आमच्या वाट्याला मात्र वर्षाकाठी एक फोन येत असे, आणि तो नवीन रक्कम भरण्याविषयीच असे.

म्हणून ही गुंतवणूक ब्रोकरकडे, म्हणजे जिथे आपण स्वतः ईटीएफ विकत घेऊ शकतो अशा संस्थेकडे, नेण्याचे ठरवले. नवऱ्याची पहिली शंका सुरक्षिततेची होती, आणि ती रास्तच होती. सीडीआयसीचे, म्हणजे कॅनडाच्या सरकारी ठेव विमा संस्थेचे, 1 लाख डॉलरपर्यंतचे संरक्षण ठेवींना असते. म्युच्युअल फंडांना ते बँकेतही नव्हते. ब्रोकर बुडाल्यास ग्राहकाच्या मालमत्तेला सीआयपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीचे 10 लाख डॉलरपर्यंतचे संरक्षण मिळते, अर्थात बाजार पडल्यामुळे होणारा तोटा कोणीच भरून देत नाही.

या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसा आपल्या हाती येता कामा नये. आरआरएसपीतून रक्कम स्वतः काढली तर क्वेबेकबाहेर 5,000 डॉलरपर्यंत 10 टक्के, 15,000 पर्यंत 20 टक्के आणि त्यापुढे 30 टक्के कर जागीच कापला जातो, ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, आणि आरआरएसपीत रक्कम भरण्याची वापरलेली मर्यादा परत मिळत नाही. हे टाळण्यासाठी टी2033 नावाचा अर्ज आहे, ज्याद्वारे एक संस्था दुसऱ्या संस्थेला थेट रक्कम पाठवते. तो जुन्या बँकेकडे नव्हे, तर नव्या ब्रोकरकडे द्यायचा असतो. पुढचा पत्रव्यवहार ब्रोकर करतो. त्यामुळे आधी ब्रोकरकडे त्याच प्रकारची रिकामी खाती उघडावी लागली, साधीसाठी साधी आणि स्पाउझलसाठी स्पाउझल. स्पाउझल खात्यातून रक्कम काढल्यास, पती किंवा पत्नीने त्या वर्षी अथवा आधीच्या दोन वर्षांत भरलेल्या रकमेपुरता कर, ती रक्कम ज्याने भरली त्याच्यावर येतो, म्हणून ती वेगळी ओळखता यावी लागते.

अर्जात ‘इन काइंड’ आणि ‘इन कॅश’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात गुंतवणूक आहे तशी सरकते, दुसऱ्यात ती विकून रोख पाठवली जाते. बँकेचे स्वतःचे फंड ब्रोकर ठेवून घेत नव्हता, तेव्हा रोखीखेरीज मार्ग नव्हता. आरआरएसपीच्या आत विक्री केल्याने भांडवली नफ्यावर कर लागत नाही, ही यातली मोठी सोय आहे. साध्या करपात्र खात्यात हाच निर्णय बराच विचार करून घ्यावा लागला असता. जीआयसीचा भाग मुदतीपूर्वी मोडता येत नव्हता, म्हणून संपूर्ण खात्याऐवजी अंशतः हस्तांतराच्या रकान्यात खूण केली आणि फंडांची नावे त्यांच्या संकेतांकांसह एकेक लिहिली. फंड डीएससी प्रकारचा, म्हणजे लवकर काढल्यास दंड लागणारा, नाही ना हेही स्टेटमेंटवरून पाहून घेतले. असे नवे फंड विकण्यास जून 2022 पासून बंदी असली तरी त्याआधी घेतलेल्यांना जुनी अट लागू राहते.

एवढे करूनही पहिला अर्ज परत आला, तो नावामुळे. माझ्या पासपोर्टवर माझे नाव आणि नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात आहे आणि आडनाव दुसऱ्या. बँकेने तिन्ही शब्द पूर्ण लिहिले होते, तर ब्रोकरच्या संगणकाने मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर ठेवले होते. जुळणी करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाई होत्या. ब्रोकरकडे पासपोर्टची प्रत देऊन नाव बँकेप्रमाणे पूर्ण करून घेतले आणि अर्ज पुन्हा पाठवला. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे लावण्याची आपली रीत ज्यांच्या कागदपत्रांत आहे, त्यांनी खाते उघडतानाच दोन्हीकडची स्टेटमेंट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

दरम्यान शाखेतल्या सल्लागारांचा फोन आला. त्यांनी अत्यंत सौजन्याने कारण विचारले, बाजारातून काही दिवस बाहेर राहण्याचा धोका समजावला आणि स्वतःच्याच बँकेचा कमी खर्चाचा एक निर्देशांक फंड सुचवला. धोका खरा होता, कारण विक्री झाल्यापासून रोख पोहोचेपर्यंत बाजार वर गेला तर तेवढा लाभ हुकतो. सुचवलेला फंडही वाईट नव्हता. तो इतकी वर्षे पुढे का आला नाही, एवढेच मी विचारले, आणि त्यावर त्या क्षणभर थांबून, शाखेत सहसा सल्ल्यासह येणारे फंडच दिले जातात, असे म्हणाल्या. उत्तर प्रामाणिक होते.

पैसे काही आठवड्यांनी आले. बँकेने प्रत्येक खात्यामागे 150 डॉलर आणि त्यावर ओंटारिओचा 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, असे हस्तांतर शुल्क कापले होते. नव्या ब्रोकरला ते स्टेटमेंट पाठवल्यावर त्याने ही रक्कम भरून दिली. सगळेच ब्रोकर भरून देत नाहीत आणि काहींची किमान रकमेची अट असते, म्हणून अर्जापूर्वी लेखी विचारून ठेवले होते. जगभरच्या शेअरांचा आणि रोख्यांचा ठरावीक प्रमाणात मेळ घालणारा एकच ईटीएफ आम्ही निवडला आणि बाजार उघडल्यानंतरचा गोंधळाचा अर्धा तास सोडून लिमिट ऑर्डरने, म्हणजे कमाल भाव ठरवून, खरेदी केली. भाव थोडा उतरेल तेव्हा घेऊ, असा मोह झाला होता. पण जुना फंड विकून तशाच स्वरूपाची गुंतवणूक घ्यायची असताना थांबणे म्हणजे नवाच जुगार झाला असता.

नंतर बँकेने फंडाच्या उरलेल्या लाभांशाचे काही डॉलर मागाहून पाठवले, म्हणून मुख्य रक्कम आली की जुन्या खात्यातले सगळे आले असे लगेच समजू नये. जीआयसीची मुदत पुढल्या शरद ऋतूत संपते; ती आपोआप नूतनीकृत होऊ नये म्हणून बँकेला लेखी सूचना दिली आहे, आणि उरलेल्या रकमेसाठी दुसरा टी2033 मुदतीच्या थोडे आधी ब्रोकरकडे जाईल.