पाऊस पडतोय, पण सांगताय कोणाला?

दादरला पाऊस सुरू झाला की साहेबांना फोनवर 'पाऊस पडतोय' म्हणायचं आणि मैत्रिणीलाही 'पाऊस पडतोय'च म्हणायचं. मराठी क्रियापद पावसाकडे बघतं, ऐकणाऱ्याकडे नाही. कोरियनमध्ये मात्र समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय एवढंसं वाक्यही पुरं होत नाही. मैत्रिणीला 'पिगा वा', शेजारच्या काकूंना 'पिगा वायो', आणि बातम्यांत किंवा ऑफिसच्या बैठकीत 'पिगा ओम्निदा'.

आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ते वाक्याच्या शेवटी येणारं रे, गं आणि हो. 'पडतोय रे' आणि 'पडतोय हो' यातला फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही. पण आपण ते गाळू शकतो, कोरियन माणूस नाही. त्यानं 'यो' गाळलं की वाक्य आपोआप 'रे'चं होतं.

व्याकरणाच्या पुस्तकांत बोलण्याच्या अशा सहा पातळ्या दिलेल्या असतात. त्यातल्या दोन आता ऐतिहासिक मालिकांतच जास्त भेटतात, त्या सोडून द्या. सुरुवात 'यो'पासून करा. दुकान, टॅक्सी, अनोळखी माणूस, वर्गातले सोबती, सगळीकडे ते चालतं. धातूचा शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर 'आयो' लावायचं, नाहीतर 'ऑयो'. का (जाणे) चं 'कायो', मॉक (खाणे) चं 'मॉगॉयो', आणि ओ (येणे) अधिक आयो मिळून 'वायो', आपल्या सु + आगत = स्वागत सारखं. 'हादा' म्हणजे करणे, त्याचं 'हेयो' होतं. हे तेवढं पाठच करा.

औपचारिक रूपात धातू स्वरान्त असेल तर 'म्निदा', व्यंजनान्त असेल तर 'सुम्निदा': काम्निदा, मॉक्सुम्निदा. लिपीत इथे 'म' नसून 'प' लिहिलेला असतो, म्हणून नवे लोक 'काप्निदा' वाचतात. शाळेतली व्यंजनसंधी आठवा. जगत् + नाथ = जगन्नाथ, अप् + मय = अम्मय. पुढे अनुनासिक आलं की प चा म होतो, तोच नियम.

मित्रांशी बोलायची भाषा म्हणजे 'पान्माल', सरळ अरे-तुरे. 'यो' काढलं की झालं, असं सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. कायो चं 'का' होतं हे बरोबर. पण 'हाकसेंगिएयो' (विद्यार्थी आहे) चं 'हाकसेंगिए' होत नाही, 'हाकसेंगिया' होतं. सोबत 'चॉ' (मी) चं 'ना' आणि 'ने' (हो) चं 'उंग' करावं लागतं. क्रियापद पान्मालचं आणि सर्वनाम 'चॉ' राहिलं, तर ते वाक्य सूटखाली चप्पल घातल्यासारखं दिसतं.

खरा घोळ पुढे आहे. ऐकणाऱ्याचा मान एक आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याचा मान वेगळा. हा दुसरा मान आपल्याला आयता येतो: धाकट्या भावालाही आपण 'आजोबा आले' असंच सांगतो. कोरियनमध्ये त्यासाठी धातूला 'शि' जोडतात. भावाला 'हाराबॉजीगा ओश्यॉस्सॉ', म्हणजे आजोबांना मान आहे पण शेवटी 'यो' नाही. उलट साहेबांना आपल्या धाकट्या भावाबद्दल 'तोंगसेंगी वास्सॉयो', म्हणजे भावाला 'शि' नाही पण साहेबांसाठी 'यो' आहे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवा. पातळ्यांच्या तक्त्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

मराठी माणसाचा पाय इथे एका खास जागी घसरतो. आपल्या बहुतेक घरांत 'बाबा आले' पण 'आई आली'. तीच सवय कोरियनमध्ये येते आणि आईचा 'शि' राहून जातो. बाहेरच्यांशी बोलताना आईलाही 'शि' लावायचाच. स्वतःला मात्र कधीच नाही. 'चॉनुन कासेयो' म्हणजे 'मी जाताहात' म्हटल्यासारखं.

काही क्रियापदं नुसता 'शि' न घेता सगळीच बदलतात. खाण्याला 'तुशिदा', झोपण्याला 'चुमुशिदा', असण्याला 'केशिदा'. म्हणून आजींना जेवायला सांगताना 'मॉगुसेयो' नाही, 'तुसेयो'. मानाच्या भरात तिथली दुकानातली मुलंही वाहवत जातात आणि कॉफीलाच 'शि' लावतात, जणू कॉफीबाई पधारल्या. तिथले लोकही यावर हसतात, तुम्ही ते उचलू नका.

'तुम्ही'साठी शब्द शोधत बसू नका. शब्दकोशात 'तांगशिन' सापडतो, पण तो अनोळखी माणसाला लावला तर भांडणाचा सूर येतो. नावापुढे 'श्शी' लावा. नुसत्या आडनावाला मात्र लावू नका, 'किम श्शी' हे तुच्छतेचं वाटतं. साहेबांना 'श्शी'ही नको, हुद्दा आणि 'निम': पुजांग्निम. लोकलमध्ये आपण कुणालाही काका, मावशी म्हणतो, पण तिथे अनोळखी बाईला 'आजुम्मा' म्हणालात तर तिला वय काढल्यासारखं वाटू शकतं. लक्ष वेधायला 'चॉगियो' पुरे.

टोपिक-2 (कोरियन भाषेची परीक्षा, पातळी 3 ते 6) देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मोठ्या लेखनाच्या 53 आणि 54 या प्रश्नांत ना 'यो' चालतं ना 'म्निदा'. तिथे वर्तमानपत्री 'दा' हवं: कांदा, मॉंग्नुन्दा. (कांदा म्हणजे 'जातो', हसून घ्या.) हा निबंध असल्यामुळे समोर ऐकणारा कोणी नसतो, म्हणून मानाचा प्रश्नच येत नाही.

अरे-तुरेवर कधी यायचं? ओळख झाली की तिकडची माणसं जन्मसाल विचारतात. 28 जून 2023 पासून सरकारी कामकाजात वय आपल्यासारखंच मोजतात, पण गप्पांत अजून सालच विचारलं जातं. मोठा माणूस तुमच्याशी पान्माल बोलू लागला म्हणून तुम्हाला ते परत करायची मुभा मिळत नाही. तुम्ही लहान असाल तर 'माल प्यॉन्हागे हासेयो', मोकळेपणानं बोला, असं त्यांना म्हणायचं, आणि आपलं 'यो' ते स्वतःहून 'सोड' म्हणेपर्यंत चालू ठेवायचं.