तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला डीएसएलआर असताना हा मिररलेस कशाला?

रविवारी सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर, धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर, भाच्याच्या साखरपुड्यात आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात नळी असताना, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. “जुना डीएसएलआर एवढा ठणठणीत होता, मग हा मिररलेस कशाला घेतला?” आणि उत्तराची वाट न पाहता लगेच, “बरं, बदलायचाच होता तर निदान फुल फ्रेम तरी घ्यायचा. पुन्हा क्रॉपच का?” (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे आरसा नसलेला; फुल फ्रेम आणि क्रॉप म्हणजे फोटो टिपणाऱ्या सेन्सरचा मोठा आणि लहान आकार.) दंतवैद्य वगळता प्रत्येकाला मी काही ना काही उत्तर दिले. कुणाला वजनाचे कारण सांगितले, कुणाला पक्ष्यांचे, तर कुणापासून ‘मुलीने आग्रह केला’ असे सांगून सुटका करून घेतली. यांतले एकही उत्तर खोटे नव्हते, पण खरे कारणही त्यांत नव्हते. ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

कॅमेरे कोणत्या कंपनीचे, हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि शैव-वैष्णवांचा वाद सुरू होतो, हे रविवारी अंबाझरीला जमणाऱ्या आपल्या फोटोवाल्या मंडळींना मी सांगायला नको.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा आणि माझा साधारण २३.५ बाय १५.७ चा, हे मला ठाऊक आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला त्या फरकाची किंमतही ठाऊक असते, आणि ती नुसत्या बॉडीची नसते, मागोमाग येणाऱ्या लेन्सांचीही असते. माझी जुनी ७०-३०० मिलिमीटरची, दूरचे जवळ आणणारी लेन्स क्रॉप सेन्सरवर ४५० मिलिमीटरपर्यंत पोचल्यासारखी दिसते, आणि गोरेवाड्याच्या तलावावर पक्ष्यांसाठी मला त्याहून कमी पुरत नाही. ‘क्रॉपचे दिवस संपले’ असे जे ठासून सांगतात, त्यांनी २०२२ मधले कॅननचे आर७ आणि आर१०, त्याच वर्षीचा फुजीचा चाळीस मेगापिक्सेलचा एक्स-टी५, २०२३ मधला सोनीचा ए६७०० आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आलेला निकॉनचा झेड५० टू ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. संपलेल्या गोष्टीवर एवढ्या कंपन्या पैसा ओतत नाहीत.

पहिल्या प्रश्नाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो प्रश्न सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच विचारीत असे. ‘फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो’ हे वाक्य मी आपल्या मंडळींसमोर इतक्या वेळा म्हटले आहे की काही जण ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक तरुण मुलगा नवा मिररलेस घेऊन अंबाझरीला आला होता. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावायच्या जागी, आरशामुळे समोरचे थेट दिसते; मिररलेसमध्ये तिथे छोटा पडदा असतो. त्याच्या त्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधून मी एकदा पाहिले आणि म्हणालो, “हा तर टीव्ही आहे. मला खिडकी लागते.” सगळे हसले. तोही हसला, पण पुढच्या रविवारी तो मोकळ्या हातांनी आला. आज त्याची माफी मागावीशी वाटते. तरी खरे सांगायचे तर त्या काळचा तो व्ह्यूफाइंडर टीव्हीसारखाच होता. मान फिरवली की चित्र मागून फरफटत येई. तेव्हाचा मी उद्धट होतो, चूक नव्हतो. मी चूक ठरलो तो नंतर, खिडकीतूनही आपल्याला नीट दिसेनासे झाले आहे हे कळूनही वर्षभर गप्प राहिलो तेव्हा.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. प्रतापनगरच्या आमच्या घरातच, बाहेरचे मोजके लोक बोलावून. दोन परातींत एक्क्याऐंशी दिवे लावले होते आणि कुणीतरी उत्साहाने खोलीतले ट्यूबलाइट बंद केले होते. अमरावतीची मावशी आली होती. माहेरच्या घराच्या वाटणीवरून आई आणि ती अकरा वर्षे एकमेकींशी नीट बोललेल्या नव्हत्या. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तर ‘बरी आहेस ना’ एवढेच. ती येईल असे आम्हांला कुणालाही वाटले नव्हते. बायका एकेक करून आईला ओवाळत होत्या. मावशीची पाळी शेवटी आली. तिने ओवाळले, तबक खाली ठेवले, आणि बाजूला होण्याऐवजी आईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काहीतरी सांगितले. आई हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी हसली.

मी दीड मीटरवर होतो. हातात जुना डीएसएलआर, त्याला ५० मिलिमीटरची स्वस्त आणि मस्त एफ/१.८ लेन्स, लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र पूर्ण उघडे (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६००, शटर १/८० सेकंद. त्या कॅमेऱ्यात फोकसचे बिंदू मोजकेच होते आणि कमी उजेडात त्यांतला मधला एकच भरवशाचा होता. तो आईच्या डोळ्यावर धरला, फोकस तिथेच धरून ठेवायला बटण अर्धे दाबून ठेवले, मावशीला चौकटीत घेण्यासाठी कॅमेरा किंचित डावीकडे वळवला आणि तीन फोटो काढले. मग सवयीने मागच्या पडद्यावर पाहिले. चाळिशीचा चष्मा झब्ब्याच्या खिशात होता आणि खिशावर उपरणे होते. चष्मा काढला नाही. कॅमेरा हातभर दूर धरला, तर दिव्यांच्या उजेडात उजळलेले दोन चेहरे दिसले. मी बायकोकडे पाहून मान डोलावली. फोटो मिळाला.

रात्री अकरा वाजता, पाहुणे झोपल्यावर, तो संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडला. आईच्या कानातली कुडी अशी आली होती की मोती मोजून घ्यावेत : कडेचे सहा आणि मधला एक. मधल्या मोत्यात एका दिव्याची ज्योतसुद्धा दिसत होती. कुडीवरची पांढरी बट केसागणिक सुटी होती. कानाशी आलेले मावशीचे ओठ आणि तिच्या नाकातली चमकी लखलखीत होती. आणि आईचे डोळे मात्र टिपकागदावर शाई पसरावी तसे. दुसरा फोटो तसाच, तिसराही तसाच. मी तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा आळीपाळीने उघडत बसलो, जणू चौथ्यांदा उघडल्यावर एखादा सुधारला असता.

सकाळी आईला दाखवले. ती म्हणाली, “माझ्या कुड्यांचा फोटो सुंदर काढलास हो.” मावशी चहाचा कप हातात घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, “मी तर झकास आले आहे.” दोघींपैकी एकीनेही टोमणा मारला नव्हता. म्हणूनच तो लागला.

त्यानंतर मी जे केले ते वर्षभर आधी करायला हवे होते. टेबलावर पंचेचाळीस अंशांत मोजपट्टी टेकवली, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि दीड मीटरवरून पट्टीच्या मधल्या खुणेवर वीस वेळा फोकस केला. वीसही वेळा फोकस खुणेच्या सुमारे चार सेंटिमीटर मागे बसला. डीएसएलआरमध्ये फोकस एका जागी मोजला जातो आणि फोटो दुसऱ्या जागी उमटतो. आरशामागच्या छोट्या आरशाने प्रकाश तळाच्या फोकस सेन्सरकडे जातो, आणि या दोन वाटांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला, तर कॅमेरा प्रामाणिकपणे चुकीच्या जागी फोकस करतो. काही कॅमेऱ्यांत ही चूक मेनूतून सुधारता येते. माझ्या मॉडेलात ती सोय नव्हती. कॅमेरा लेन्ससकट दुरुस्तीला पाठवावा लागला असता. नातीच्या फोटोंमध्ये ही चूक मला आधीच दिसली होती, पण ‘पोर हलली असेल’ म्हणून मी ती सोडून दिली होती.

हिशेबाच्या नोकरीत छत्तीस वर्षे गेल्यामुळे मी दोषाची वाटणीही करून पाहिली. ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर या हिशेबात क्रॉप सेन्सरवर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणजे फोकसच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. फोकस धरून कॅमेरा दहा-एक अंश वळवला की स्पष्टतेचे प्रतल आणखी दोन सेंटिमीटर मागे सरकते. म्हणजे चार सेंटिमीटर कॅमेऱ्याचे आणि दोन माझे. छिद्र लहान करून एफ/२.८ वर आणले असते तर डोळे बहुतेक निभावून गेले असते. फुल फ्रेमचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तीच चौकट आणि तेच छिद्र ठेवले तर तिथे हा पट्टा आणखी पातळ होतो.

कित्येक महिने मी लोकांना हाच हिशेब सांगत होतो. ऐकणाऱ्याला तो पटतो आणि मलाही त्यात माझी बाजू फार वाईट दिसत नाही. पण त्यात एक रक्कम मी धरलेलीच नव्हती. उपरणे बाजूला करून चष्मा काढला असता आणि पडद्यावर तो फोटो एकदा मोठा करून पाहिला असता, तर चूक तिथेच, अर्ध्या मिनिटात कळली असती. दोघी बहिणी त्यानंतरही दहा मिनिटे तशाच बसून बोलत होत्या. मी तोवर कॅमेरा बॅगेत ठेवून जिलबी वाढायला गेलो होतो.

मिररलेस घेतला तो यासाठी. व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती फिरवून तो एकदा माझ्या डोळ्याला जुळवला की काढलेला फोटो मला त्यातच, चष्म्यावाचून, डोळा न हलवता मोठा करून पाहता येतो. फोकस थेट सेन्सरवरच मोजला जात असल्यामुळे दोन वाटांचा प्रश्नच उरत नाही. चेहऱ्यातला डोळा तो स्वतः शोधतो, आणि चौकटीत कडेला असलेल्या डोळ्यासाठी कॅमेरा वळवावा लागत नाही. ‘मला जवळचे दिसत नाही’ हे टपरीवर चारचौघांत सांगण्यापेक्षा ‘वजन कमी आहे’ हे सांगणे सोपे होते, एवढेच.

हे सगळे गोडगोड नाही. जुना कॅमेरा एका चार्जिंगवर आठशे फोटो सहज काढी. हा निम्म्यालाही दमतो, आणि मी खिशात दोन जादा बॅटऱ्या घेऊन हिंडतो. लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच असतो, पुढे आरशाचा आडपडदा नसतो, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, वावटळीच्या दिवसांत, बाहेर लेन्स बदलणे मी सोडून दिले आहे. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीत तर त्याने माझी फजितीच केली. इतवारीच्या गर्दीत, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत, मी नाचणाऱ्या एका पोराचा चेहरा धरला होता, आणि फोकसची चौकट उडी मारून त्याच्यामागच्या बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, रंगवलेल्या डोळ्यांवर जाऊन बसली. कॅमेऱ्याच्या लेखी बडग्याही माणूसच. तेरा वर्षांपूर्वीच्या माझ्यातल्या माणसाने त्या क्षणी ‘मग, काय म्हणत होतो मी’ असे म्हटल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या जागी मधल्या एका बिंदूचा जुना कॅमेरा चुकला नसता.

आणि ती ५० ची लेन्स? ती जुन्या पद्धतीची आहे. तिच्यात फोकस फिरवणारी स्वतःची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चाले. नव्या कॅमेऱ्यावर ती अ‍ॅडॉप्टर लावून बसते, पण तिचा फोकस हातानेच फिरवावा लागतो. मुलगी म्हणते, विकून टाक. मी विकलेली नाही. डोळा ओळखणारा कॅमेरा घेऊन त्यावर हाताने फोकस करण्यात काय अर्थ आहे, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही.

तो फोटो आईने मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. मी दोनदा उतरवून ठेवला, दोन्ही वेळा तिने पुन्हा टांगायला लावला. तिचे म्हणणे असे की हसताना तिचे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. मी मूळ फाइल चारशे टक्क्यांवर पाहिली आहे. डोळे अर्धवट उघडे होते. निदान मला तसे वाटते, कारण त्या धूसरपणात नक्की काही सांगता येत नाही. मावशीने कानात काय सांगितले, हे मी दोघींना विचारले. दोघी म्हणतात, आठवत नाही.

मागच्या रविवारी मी ती ५० ची लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावली आणि आईला खिडकीशी बसवले. छिद्र एफ/१.८, अंतर दीड मीटर, फोकस हाताने. दहांपैकी चार फोटोंत डोळे नेमके आले. आणखी दहा काढू या म्हणालो, तर ती कंटाळून उठली, आत गेली आणि तिथूनच तिने विचारले, “कुड्या घालू का रे?”