तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सला डायबेटिस आणखी काय शिकवायचा?

कोल्हापुरात परिचारिका, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ यांना डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे रुग्णाला घरी मधुमेह सांभाळायला शिकवणारे, म्हणून तयार करण्याचे काम मी करते, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. ज्यांनी काही वर्षे अभ्यास करून पदवी घेतली, वॉर्डात रोज इन्सुलिन दिले, त्यांना हा आजार पुन्हा शिकवण्याची गरज काय? प्रशिक्षणाला आलेल्या सिस्टरही पहिल्या दिवशी हेच विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आजाराची माहिती त्यांना असतेच. वॉर्डात मात्र इन्सुलिन सिस्टर भरते, सिस्टर टोचते आणि जेवणाचे ताट वेळेवर येते. घरी ही सगळी कामे रुग्णाच्या गळ्यात पडतात. डॉक्टरांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा, तीही काही मिनिटांची, आणि मधल्या काळात दिवसाला अनेक निर्णय त्याला एकट्याला घ्यावे लागतात. ते निर्णय घेण्याइतके त्याला तयार करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते बहुतेक पदव्यांच्या अभ्यासक्रमात ओझरतेच येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना अर्धा-अर्धा तास देणे डॉक्टरांना शक्य नाही, हे उघड आहे.

म्हणून आमच्याकडे पहिला धडा असतो तो समोरच्याचे हात पाहण्याचा. ‘इन्सुलिन वेळेवर घेता ना?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘मावशी, घरी कसं घेता ते जरा दाखवा बघू’ असे म्हणायचे आणि गप्प बसायचे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही ताकदींची इन्सुलिने मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज आणि १०० साठी केशरी. ४० च्या बाटलीतले औषध केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० च्या बाटलीला लाल सिरिंज लावली तर त्याच खुणेला ५० युनिट जातात, आणि ते जिवावर बेतू शकते. कागदावर डोस बरोबर, रुग्ण प्रामाणिक, तरी शुगर ताळ्यावर का येत नाही याचे उत्तर कधी कधी एवढ्यात असते.

पदर बाजूला करून पोटावर बोटे फिरवली की दुसरी गोष्ट हाताला लागते. ‘हितं टोचलं की दुखत न्हाई, म्हणून रोज हितंच घेते,’ असे मावशी सांगतात, आणि तिथे चरबीची मऊ गाठ झालेली असते. गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी उशिरा, कधी कमी रक्तात पोहोचते. नव्या एज्युकेटरला इथे थांबवावे लागते, कारण ‘उद्यापासून जागा बदला’ एवढेच सांगून मावशींना घरी पाठवणे धोक्याचे आहे. निरोगी जागेवरून तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि शुगर एकदम उतरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना कळवायचे. डोस ठरवणे आणि बदलणे हा डॉक्टरांचा अधिकार, ही मर्यादा आम्ही फार काटेकोरपणे शिकवतो.

आहाराच्या सत्रात इथले ताट घेऊनच बसावे लागते. गुळाच्या या जिल्ह्यात ‘साखर बंद केली, आता गूळच घेतो’ हे अभिमानाने सांगितले जाते. गूळही मुख्यतः साखरच आहे, हे सांगताना समोरच्याचा अपमान होऊ नये, याचा सराव प्रशिक्षणार्थींना एकमेकांसमोर बसून करावा लागतो. तांबडा-पांढरा रस्सा बंद करा, असे फर्मान कुणी पाळत नाही. त्याच्याबरोबर भाकरी किती आणि भात किती, यावर मात्र बोलणे होऊ शकते.

नवरात्राआधीचे आठवडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. सकाळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, दुपारपर्यंत पोटात काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, असा उपवास असेल तर शुगर आधी घसरते आणि मग चढते. शिवाय नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत. पायांची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेली फरशी किंवा रुतलेला काटा कळतच नाही. ‘हे करू नका’ म्हणणारी सिस्टर श्रद्धेच्या आड येते आणि पुढच्या वेळी रुग्ण तिला काही सांगत नाही. म्हणून आम्ही शिकवतो की उपवास निरंकार की एकवेळचा हे आधी विचारा, मोनोफिलामेंटने (संवेदना तपासायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) तळपाय तपासा, संवेदना नसेल तर पायाला जखम कशी होते ते घरच्यांसमोर समजावून सांगा आणि गोळ्यांसाठी आठवडाभर आधी डॉक्टरांकडे पाठवा.

शेवटी रुग्णाला समजले की नाही, हे ताडून पाहायचे. त्याची परीक्षा घेतल्यासारखे विचारले तर तो ओशाळतो. ‘घाम सुटला, हात थरथरायला लागले आणि शुगर ७० च्या खाली दिसली, तर सूनबाईंना काय करायला सांगाल?’ असे विचारावे. ‘पेढा दे म्हणेन’ असे उत्तर आले, तर पेढ्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, हे सांगायची संधी मिळते: तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे.

एवढे सगळे शिकून सिस्टर आपल्या दवाखान्यात परततात, तेव्हा माझी तिथल्या डॉक्टरांना एकच विनंती असते. सिस्टरना इतर कामांतून रोज ठरावीक वेळ मोकळी करून द्या, दार लावता येईल अशी खोली द्या, आणि त्या खोलीत रुग्णासोबत येणाऱ्या माणसासाठीही एक खुर्ची ठेवा.